हिटर बंद, ऊब चालू

गिऱ्हाईक दुकानात येतं आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतं, "केवढा बसवू?" काय चालवायचं आहे ते सांगत नाही. शेजाऱ्यानं केवढा बसवलाय ते मात्र आवर्जून सांगतं. लोहाऱ्यात जनरेटर विकणं, भाड्यानं देणं आणि दुरुस्त करणं या धंद्यात माझं निम्मं आयुष्य या एकाच प्रश्नाचं उत्तर देण्यात गेलं. आता दुकान पुतण्या बघतो. मी सकाळी जाऊन बसतो, चहा पितो, आणि कुणी 'केवढा' म्हणालं की पेपर बाजूला ठेवतो.

बाहेरच्याला हे काम सोपं वाटतं. दिवे किती, पंखे किती, मोटारी किती, बेरीज करा आणि त्याहून थोडा मोठा घ्या. पण मोटार नावाची वस्तू बेरजेत बसत नाही. आमच्याकडं वडाप जीप, म्हणजे शिटा भरून नेणारी गाडी, रस्त्यात बंद पडते तेव्हा सगळ्या शिटा खाली उतरतात. गाडी जागची हलवायला पाच-सहा गड्यांचे खांदे लागतात. एकदा चाकं फिरली की एकटा माणूसही तिला ढकलत नेतो. मोटारीचं तसंच आहे. फिरायला लागली की ती गुमान आपलं ठरलेलं खाते, पण उठताना पाच-सहा पट ओढते. तो झटका दोन-चार सेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात जनरेटर मान टाकतो. एका गिरणीवाल्यानं मला न विचारता लहान जनरेटर आणला होता. त्यावर गिरणीतले दिवे लागायचे, पंखा फिरायचा, रेडिओ वाजायचा. फक्त गिरणी सुरू केली की सगळं बंद पडायचं. त्यानं दोन महिने रेडिओ ऐकला आणि मग माझ्याकडं आला.

उलटी चूकही लोक करतात, आणि ती त्यांना चूक वाटत नाही. एका मंगल कार्यालयाच्या मालकानं दुसऱ्या कार्यालयाच्या दुप्पट जनरेटर घेतला, कारण एवढंच की तो त्याच्याहून मोठा दिसावा. लग्नसराई सोडली तर त्यावर चालायचं काय, तर ऑफिसातला पंखा आणि वॉचमनचा टीव्ही. डिझेलच्या इंजिनाला घाम निघेल इतकं काम लागतं. ते मिळालं नाही तर आत तेल पुरतं जळत नाही, काजळी धरते आणि सायलेन्सरमधून काळा चिकट रस गळायला लागतो. मी त्यांना म्हणालो, तुमचं इंजिन उपाशी नाही, बसून बसून आजारी पडलंय. त्यांना ते लागलं. दसऱ्याला त्यांनी त्या जनरेटरला हार घातला तो मात्र तालुक्यात सगळ्यात मोठा होता.

तर केवढा बसवायचा हे मला कळतं, अशी माझी समजूत होती. शोभाताई काकड्यांनी बोलावलं तेव्हाही ती होतीच.

शोभाताईंचं माहेर तेरचं. लग्नानंतर नवरा-बायको दोघंही बरीच वर्षं पुण्याकडं एका हॅचरीत कामाला होते. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. दत्तूभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, तिथं टेम्पो चालवायचे आणि ताई आत मशीनवर असायच्या. काम हाताखालून घालून दोघं परत आले आणि लोहाऱ्यापासून थोडं बाहेर, माळावर, स्वतःची छोटी हॅचरी काढली. गाडी आणि गिऱ्हाइकं दत्तूभाऊ बघायचे. आतलं सगळं ताईंचं. शेड उभी करताना दत्तूभाऊंनी एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलमधला भला मोठा जनरेटर भंगारातून उचलून आणला होता. त्याच्या सायलेन्सरमधून तोच काळा रस गळत होता. नवीन केवढा घ्यावा, हे विचारायला मला बोलावलं होतं.

आम्ही लिंगायत. घरात अंडं येत नाही. मी निघालो तेव्हा बायकोनं कानडीत विचारलं की आता तिथंही जाणार का. मी म्हणालो, मी वायरी मोजायला चाललोय. आणि खरंच, त्या पहिल्या फेरीत मी अंड्यांपासून हातभर लांबच उभा राहिलो.

मशीन म्हणजे माणूस उभा राहून आत जाईल एवढं लोखंडी कपाट. त्यात ट्रेवर ट्रे, आणि ट्रेमध्ये टोक खाली करून बसवलेली अंडी. अंडी अठरा दिवस एका मशीनमध्ये राहतात, तिथं ती तासातासाला आपोआप कलती केली जातात. कोंबडी पायानं फिरवते तशी. शेवटचे तीन दिवस ती दुसऱ्या मशीनमध्ये जातात, त्याला हॅचर म्हणतात, आणि तिथं अंडं फोडून पिल्लू बाहेर येतं. आत ऊब ठेवायला हिटर, ती सगळीकडं सारखी पसरवायला पंखा, आणि फार गरम झालं तर नळीतून थंड पाणी फिरवणारा चिलर.

मी माझा चिमटा मीटर काढला. हा वायरीला नुसता अडकवला की तिच्यातून किती करंट जातोय ते सांगतो. मशीन आदल्याच दिवशी भरलं होतं. हिटर जोरात ओढत होते. मी हिटर धरले, पंखे धरले, चिलरच्या मोटारीचा उठतानाचा झटका धरला, आणि सांगितलं की बासष्टचा लागेल. बासष्ट केव्हीए, हे जनरेटरच्या ताकदीचं माप, आमच्या धंद्यात नुसतं बासष्ट म्हणतात.

ताईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "अप्पा, अजून एकदा या. ह्याच मशीनला पंधरा दिवसांनी मीटर लावा. मग सांगा."

मला ते थोडं खटकलं. पंधरा दिवसांनी मशीन तेच, हिटर तेच, वायर तीच. पण गिऱ्हाईक आहे म्हणून गेलो. त्याच मशीनच्या हिटरच्या वायरीला मीटर लावला. शून्य.

मी मीटर काढून पुन्हा लावला. शून्य. दुसऱ्या वायरीला लावला, पंख्याचा करंट बरोबर दाखवत होता. म्हणजे मीटर ठीक होता. मी म्हणालो, ताई, तुमचा हिटर गेलाय, ताबडतोब बदला, अंडी गार पडतील. आणि पॅनलचं झाकण उघडायला पाना काढला. त्यांनी मला दरवाजावरचा तापमानाचा आकडा दाखवला. तो पंधरा दिवसांपूर्वी होता तिथंच होता. केसभरही खाली नाही. उलट चिलरचा पंप मध्येमध्ये सुरू होत होता, म्हणजे मशीन आतली उष्णता बाहेर काढत होतं.

"हिटर गेला न्हाय अप्पा," ताई म्हणाल्या. "पोरं मोठी झाली. आता त्यांचीच ऊब हाय ती."

मला कळेना. मी विचारलं, ऊब येते कुठून?

"आतून. पिल्लू वाढाय लागलं की त्याचं अंग तापतं. पयल्या आठवड्यात आपुन त्याला ऊब द्यायची, शेवटच्या आठवड्यात त्येच्याकडनं काढून घ्यायची. न्हायतर ते आपल्याच गरमीनं जातं."

मी पाना खिशात ठेवला आणि त्या बंद कपाटाकडं बघत उभा राहिलो. माझ्या सगळ्या धंद्यात जिथं जिथं ऊब पाहिली तिथं तिथं एक वायर जाताना दिसली होती. भट्टी असो, गिझर असो, इस्त्री असो, वायर पकडली की ती किती खाते ते सांगता येतं. इथं हजारो अंड्यांची ऊब होती आणि पकडायला वायरच नव्हती. कवच कुठं तडकलेलं नव्हतं, आवाज नव्हता, काहीही हलत नव्हतं. आणि आत प्रत्येकाची आपापली भट्टी पेटलेली. मी घरी आलो तेव्हा जेवताना बायकोला हे सांगितलं. ती वाढायची थांबली. मग म्हणाली, आईच्या पोटात पोर असतं तसंच की. मला ते सुचलं नव्हतं.

हिशेब मात्र बदलला. हिटर जोरात असतात तेव्हा चिलर झोपलेला असतो, आणि चिलर जोरात असतो तेव्हा हिटर. दोन्ही एकदम कधीच पूर्ण ओढत नाहीत. ताईंनी मशीन वेगवेगळ्या दिवशी भरायची पद्धत ठेवली होती, त्यामुळं तर ते आणखी वाटून जात होतं. बासष्ट खोडून मी चाळीस लिहिलं. भंगारातल्या त्या धुडाला आता हात लावू नका, नवा येईपर्यंत लाईनवरच भागवा, असं सांगितलं आणि ऑर्डर दिली. नवा जनरेटर यायला दोन-तीन आठवडे लागणार होते.

वादळाला तेवढा धीर नव्हता. वैशाखातली दुपार, जेवणाची वेळ नुकतीच टळलेली. आधी धुळीनं आभाळ पिवळं झालं, मग असा वारा सुटला की समोरच्या टपरीचा पत्रा उडून रस्त्याच्या मधोमध येऊन पडला. थोड्या गारा पडल्या. लाईट गेली. तासाभरात बातमी आली की माळाकडच्या लाईनचे खांब आडवे झालेत, आज काही खरं नाही.

तेवढ्यात ताईंचा फोन आला. आवाज शांत होता, आणि म्हणूनच मला काळजी वाटली. त्या म्हणाल्या की मोठा जनरेटर नाइलाजानं सुरू केला, पाच-दहा मिनिटं धूर ओकला आणि बसला. आता हँडलही फिरत नाही. मी विचारलं, हॅचरमध्ये काय आहे. म्हणाल्या, उद्या सकाळी निघणारी बॅच आहे, सगळी हॅचर भरलेली.

माझ्याकडं त्या दिवशी एकच जनरेटर चालू स्थितीत होता. पंधराचा. ट्रॉलीवर बसवलेला, लग्नात भाड्यानं जाणारा. आणि तो लग्नातच उभा होता, गावाच्या पलीकडच्या टोकाला. मंडप वाऱ्यानं कलला होता, लोक पुन्हा दोर ताणत होते. मुलीचे वडील ओळखीचे होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि काय झालंय ते सांगितलं. तालुक्याला लाईट नाही, म्हणजे हा नेला तर त्यांच्या जेवणावळी अंधारात होणार, हेही सांगितलं. त्यांनी एकदा मंडपाकडं बघितलं.

"किती पिल्लं म्हणायची?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, हजारांनी आहेत.

"न्या मग. अक्षता पडल्यात आमच्या. उजेड हाय तवर पंगती उठवतो."

मी आणि पुतण्यानं जीपला ट्रॉली जोडली आणि निघालो. माळाच्या रस्त्यावर लिंबाचं झाड आडवं पडलं होतं. लोक फांद्या तोडत होते, पण बुंधा हलायला वेळ लागणार होता. बाजूच्या रानातून, काढलेल्या हरभऱ्याच्या धसकटांवरून ट्रॉली हळूहळू काढली. मला राहून राहून वाटत होतं की आपण चाळीसच्या जागी पंधरा घेऊन चाललोय. वडाप ढकलायला सहा जण लागतात आणि आपण दोघंच निघालोय.

हॅचरीच्या दारात बायकांच्या चपला पडलेल्या दिसल्या. आत गेलो तर हॅचरची सगळी दारं सताड उघडी, आणि माळावरच्या वस्तीतल्या आठ-दहा बायका सुपं घेऊन वारा घालत उभ्या. धान्य पाखडायची सुपं. फरशीवर पाणी मारलेलं, खिडक्यांना ओली पोती लावलेली. दत्तूभाऊ बादल्या आणत होते. ताई एका ट्रेपासून दुसऱ्या ट्रेकडं थर्मामीटर घेऊन फिरत होत्या. मी हिटरबद्दल काहीतरी बोलायला लागलो, कारण डोक्यात अजून तेच होतं की लाईट गेली म्हणजे अंडी गार पडणार.

त्यांनी मला हातानं थांबवलं आणि म्हणाल्या, "हात घाला आत."

मी थबकलो. जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. मग उजवा तळहात ट्रेवर पसरून ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा चटका लागला. लाईट जाऊन दोन-अडीच तास झाले होते. पंचक्रोशीत कुठल्याही वायरीत करंट नव्हता. आणि ती अंडी तापतच चालली होती. माझ्या तोंडून कानडीच निघालं, "बिशी अद." गरम आहे. बायकांना भाषा कळली नसेल, पण तोंडाकडं बघून त्या समजल्या. हाताखाली एक अंडं आतून हललं. किंचित, आपण झोपेत कूस बदलतो तसं. मी हात पटकन काढून घेतला आणि मग वाटलं, काढायला नको होता.

आता काय चालवायचं, ते ताईंनी आणि मी मिळून ठरवलं. नवीन भरलेली मशीन दारं बंद करून तशीच ठेवायची. लहान गर्भ थोडा गारठा सोसतो, फार तर उशिरा निघतो, असं ताई म्हणाल्या. हिटरच्या वायरी सगळ्या सोडवून ठेवायच्या. चिलर उठवायची ताकद पंधरामध्ये नव्हती, त्याचा नादच सोडायचा. पण जमिनीखालच्या टाकीतलं पाणी थंड होतं, आणि ते नळीतून फिरवायचा पंप छोटा होता. म्हणजे हॅचरचे पंखे, हवा बाहेर फेकणारे पंखे आणि तो पंप. एवढंच.

एकदम सगळं लावलं असतं तर जनरेटर बसलाच असता. मी एकेक घेतलं. पहिला पंखा टाकला, इंजिन खाली दबलं, दिव्याची ज्योत वाऱ्यानं वाकते तसं वाकलं आणि पुन्हा उभं राहिलं. त्याचा आवाज एकसारखा होईपर्यंत मी पुढच्या स्विचला हात लावला नाही. मग दुसरा. मग तिसरा. शेवटी पंप टाकला तेव्हा इंजिन इतकं दबलं की दत्तूभाऊंनी डोळे मिटले. पण उचललं. लग्नात दिव्यांच्या माळा आणि स्पीकर चालवणारं ते यंत्र त्या दिवशी पहिल्यांदा अंगातल्या सगळ्या जोरावर चाललं. धूर साफ होता. बायकांनी लगेच सुपं खाली ठेवली नाहीत. ताईंनी थर्मामीटर बघून सांगितल्यावरच त्या थांबल्या.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. मागच्या भिंतीकडच्या ट्रेंमध्ये सुपाचा वारा पोचला नव्हता. तिथली बरीचशी अंडी फुटलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईंनी ती स्वतः बाजूला काढली, कुणाला करू दिली नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाकीची बॅच निघाली, आणि डब्यांतून टेम्पोत गेली. दाण्यापाण्याशिवाय ती पिल्लं दूरच्या गावाला कशी पोचतील, असं मी विचारलं, तर ताई म्हणाल्या की अंड्यातला पिवळा बलक निघताना ती पोटात ओढून घेतात, दोन दिवसांची शिदोरी बरोबरच असते. मी आयुष्यभर लोकांना डिझेलची टाकी केवढी घ्यावी ते सांगत आलो. नवा चाळीसचा आठवड्यानं आला. तो आजही तिथं चालतो, आणि त्याच्या सायलेन्सरमधून काही गळत नाही. तिकडं लग्नाच्या पंगती उजेड असेपर्यंत उठल्या, शेवटची तेवढी गॅसबत्तीवर झाली, असं मुलीच्या वडिलांनी नंतर सांगितलं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं आहे.

दिवस मावळतीला आला होता. अनपेक्षितपणे दुसऱ्या बाजूच्या लाईनवरून वीज आली. दत्तूभाऊ पळत सांगायला आले. लाईन आली म्हणजे जनरेटर बंद करून स्विच लाईनवर फिरवायचा, मग चिलरही लावता येतो. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये क्षणभर सगळंच बंद ठेवावं लागतं. हे मी हजार वेळा केलंय. इंजिन बंद केलं. बाहेरची धडधड थांबली. आतले पंखे हळू होत होत थांबले.

आणि ते ऐकू आलं. एकही अंडं अजून पुरतं फुटलेलं नव्हतं. पण बंद कवचांच्या आतून पिल्लं बोलत होती. हजारो. एवढा वेळ इंजिनाच्या, पंख्यांच्या आणि आमच्या बोलण्याच्या खाली ते चालूच असणार. आवाज बारीक होता, पण खोलीभर होता, ट्रेमधून, भिंतींवरून, वरून, सगळीकडून. जवळच्या ट्रेमध्ये एका अंड्याला मसुराएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून एक चोच येत होती, जात होती. पंखे थांबले म्हणून पुन्हा सुपं उचललेल्या बायका तशाच उभ्या राहिल्या. एकीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, देवळात ओढतात तसा. दत्तूभाऊ इतकी वर्षं पिल्लं वाहणारा माणूस, तेही दाराला धरून उभे होते.

माझा हात स्विचच्या दांड्यावर होता. जितका वेळ लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ मी तो तसाच धरून ठेवला होता.

"अप्पा," शोभाताई हळूच म्हणाल्या, "पंखे लावा."

मी दांडा खाली ओढला.